डबल रेड ॲपिस्टोच्या माद्या ओळखायच्या कशा? कॅकाटुऑइडिस की ॲगॅसिझी?

संथपाणी
नमस्कार मंडळी, जरा अडलोय. डबल रेड ॲपिस्टो (ॲपिस्टोग्रामा, टँकमध्ये पाळायचे छोटे मासे) म्हणून सहा पिल्लं घेतली होती, वेगळं नाव काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. आता चार महिने झालेत. एका नराच्या डॉर्सल फिनचे, म्हणजे पाठीवरच्या पराचे, पुढचे काटे तुऱ्यासारखे वर आलेत आणि शेपटीला वर-खाली दोन टोकं फुटलीयेत, म्हणजे तो कॅकाटुऑइडिस. पण दुसऱ्या नराची शेपटी मधोमध निमुळती होत चाललीये, भाल्याच्या पात्यासारखी, आणि डॉर्सल एकदम सरळ, तुरा वगैरे काही नाही. म्हणजे दोन जाती एकत्र आल्या असं वाटतंय. खरा घोळ उरलेल्या चौघींचा आहे, सगळ्या पिवळसर, सगळ्यांची शेपटी गोल, सगळ्यांना मधोमध काळी पट्टी. त्यातली एक तर गुहा धरून बसलीये. अंडी घालायच्या आत कोण कोणाची ते कळायला पाहिजे, मिसळलेली पिल्लं मला अजिबात नकोत.

शेवाळी
दोन्ही नर तुम्ही बरोबर ओळखलेत, भाल्यासारखी शेपटी म्हणजे ॲगॅसिझी. घोळ नावातच आहे बघा, डबल रेड हे जातीचं नाव नाहीये, निवडून तयार केलेल्या रंगाचं नाव आहे आणि ते दोन्ही जातींना लावतात. तेव्हा लाल रंगावरून काहीच ठरवू नका.

मादीत पहिल्यांदा बघायची ती मधली काळी पट्टी कुठे संपते ते. ॲगॅसिझीत ही पट्टी शेपटीत शिरते आणि थेट शेपटीच्या कडेपर्यंत जाते, कॅकाटुऑइडिसमध्ये ती शेपटीच्या बुडाशीच थांबते. दुसरं म्हणजे पट्टीच्या खाली, पोटाच्या बाजूला बघा, कॅकाटुऑइडिसला तिथे आणखी दोन-तीन काळसर रेघा असतात, पुसट असतात पण असतात, ॲगॅसिझीचं पोट त्यामानाने साफ. तिसरं तोंड, कॅकाटुऑइडिसचे ओठ जाड आणि जबडा दणकट, ॲगॅसिझी एकूणच लांबट, सडसडीत. या तिन्ही खुणा एकाच दिशेला गेल्या तर खात्री धरा, नुसत्या तोंडावरून ठरवू नका.

नाव लक्षात ठेवायचं असेल तर कॅकाटुऑइडिस म्हणजे काकाकुवासारखा, नराच्या त्या तुऱ्यावरूनच १९५१ मध्ये हे नाव दिलं गेलं. ॲगॅसिझीचं नामकरण त्याच्या कितीतरी आधी, १८७५ मध्ये झालं. दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले.

तळ्याकाठी
शेवाळींनी सांगितलंय त्यात एक भर घालतो, कारण याच ठिकाणी मी स्वतः चुकलेलो आहे. ॲपिस्टोची पट्टी मूडवर चालते. घाबरली की पट्टी फिकी होऊन उभे पट्टे येतात, आणि अंडी-पिल्लं राखणारी कॅकाटुऑइडिस मादी भडक पिवळी होते, पट्टी तुटून कुशीवर नुसता काळा डाग उरतो. गुहेत बसलीये तिच्यावरून ठरवायला जाल तर फसाल. मी तेव्हा तसल्याच एका मादीचा फोटो घेऊन दोन दिवस पुस्तकातल्या चित्रांशी जुळवत बसलो होतो, आणि ती पिल्लांपासून बाजूला झाल्यावर पट्टी जशीच्या तशी परत आली. सकाळी लाईट लागून थोडा वेळ गेला की, खायला घालायच्या आधी, शांत असताना बाजूने फोटो काढा, शेपटी पसरलेली दिसली पाहिजे.

आणि चौघीही माद्याच आहेत हे कशावरून? मोठा नर टँकवर हुकूम गाजवत असेल तर दबलेला नर मादीसारखाच रंग धरून राहतो, असं लपून राहून तो दुसऱ्याच्या अंड्यांवर डावही साधतो. मादीच्या पोटाखालच्या जोडफिनची पुढची कड बहुतेक वेळा काळी असते, ती बघा.

नीलपंख
बोरेली (ॲपिस्टोचीच आणखी एक जात) आहे का तेही तपासून टाका, तिची मादीही पिवळीच होते. पण बोरेलीच्या नराची शेपटी गोल आणि डॉर्सल उंच शिडासारखं, त्यामुळे नर हाताशी असला की गोंधळ होत नाही. तुमच्याकडे तसा नर नाही, तर बहुधा नसेलच.

खरी डोकेदुखी मॅकमास्टेराय आणि व्हिएहिता या ॲपिस्टोच्याच दुसऱ्या दोन जातींची. दोघांचं वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ कुलांडर यांनी १९७९ मध्ये केलं, दोघेही कोलंबियातल्या मेटा नदीच्या भागातले, आणि व्हिएहिता म्हणून मिळणारे मासे बरेचदा मॅकमास्टेरायच निघतात. तिथे मी पकडल्याचं ठिकाण कळल्याशिवाय जोडी लावतच नाही. त्या मानाने तुमचं काम सोपं आहे.

संथपाणी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सांगितलं तसेच फोटो काढले. दोघींची पट्टी अगदी शेपटीच्या टोकापर्यंत गेलीये आणि पोट साफ, म्हणजे ॲगॅसिझी. एकीच्या पोटावर रेघा स्पष्ट दिसल्या, पट्टी बुडाशी थांबलीये. गुहेतल्या चौथीचं काही कळत नाही, आज पट्टीच नाहीये, नुसता डाग. पण जबडा जाड वाटला.

शेवाळी
कॅकाटुऑइडिसच दिसतेय, तरी घाई नको. दोन्ही ॲगॅसिझी माद्या आणि भाल्यावाला नर आजच दुसऱ्या टँकमध्ये हलवा, म्हणजे तिने अंडी घातली तरी शेजारी ॲगॅसिझी नर नसेल. तिला मात्र हलवू नका, गुहा सुटेल. आणि या खेपेची पिल्लं पट्टी परत दिसेपर्यंत कुणालाही देऊ नका.

संथपाणी
तिघांना हलवलं. ती अजून गुहेच्या तोंडाशीच आहे, तुऱ्यावाल्या नराला जवळ येऊ देतेय. पट्टी दिसली की फोटो टाकतो.