डीप मर्जमध्ये की-ची नावं तपासत बसायचं, की ऑब्जेक्ट.प्रोटोटाइपच गोठवायचा?

कोडकट्टा:
डीप मर्ज म्हणजे एका ऑब्जेक्टमधल्या की आतल्या पातळ्यांपर्यंत दुसऱ्यात ओतणं. त्या वाटेने कुणी ऑब्जेक्ट.प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टचे साधे ऑब्जेक्ट ज्याच्याकडून प्रॉपर्टी वारशाने घेतात त्यात, काही घुसवलं की ते प्रोटोटाइप पोल्युशन. हा विषय निघाला की रिव्ह्यूत ठरलेली कमेंट येते: "मर्जमध्ये '__प्रोटो__' ही (प्रोटोटाइपकडे नेणारी) की वगळा." मला हे पटत नाही. लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीने 2018 मध्ये तो रस्ता बुजवला, तर 2019 मध्ये तिच्याच डिफॉल्ट्सडीप या फंक्शनमध्ये 'कन्स्ट्रक्टर.प्रोटोटाइप' या दुसऱ्या वाटेवरून तोच उद्योग झाला आणि 4.17.12 ही आवृत्ती काढावी लागली. नावांच्या याद्या पुरत नाहीत. सर्व्हर सुरू होतानाच ऑब्जेक्ट.प्रोटोटाइपवर ऑब्जेक्ट.फ्रीझ मारा, म्हणजे त्यात काही लिहिताच येणार नाही, नोडला (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) '__प्रोटो__' काढून टाकणारा डिसेबल-प्रोटो=डिलीट हा फ्लॅग द्या आणि पुढच्या कामाला लागा.

उशिराचा_डिप्लॉय:
आधी जेसन मजकुराचा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या जेसन.पार्सला धरा ना! घाण तिथूनच आत येते.

अर्धविराम:
@उशिराचा_डिप्लॉय नाही हो, तो बिचारा निर्दोष आहे. '__प्रोटो__' नावाची की आली तर पार्स ती त्याच ऑब्जेक्टची स्वतःची साधी प्रॉपर्टी म्हणून ठेवतो. बिघडतं ते पुढे. मर्ज 'टार्गेट[की]' वाचतो तेव्हा हातात येतो थेट ऑब्जेक्ट.प्रोटोटाइप, आणि रिकर्शन त्यातच 'इजअ‍ॅडमिन: ट्रू' लिहून मोकळं होतं. मग ज्या ज्या युजर ऑब्जेक्टवर ती प्रॉपर्टी नाही, तो प्रत्येक जण अ‍ॅडमिन.

आणि @कोडकट्टा, फ्रीझ एवढं स्वस्त नाही. गोठवल्यावर प्रोटोटाइपवरचं टूस्ट्रिंग हे फंक्शन रीड-ओन्ली होतं. मग एखादी जुनी लायब्ररी आपल्याच ऑब्जेक्टवर साध्या असाइनमेंटने टूस्ट्रिंग ठेवायला गेली तर स्ट्रिक्ट मोडमध्ये टाइपएरर, नाहीतर गुपचूप काहीच होत नाही. हे दुसरं प्रकरण शोधताना घाम फुटतो. तुमचा फ्लॅगही एकटा अपुरा, 'कन्स्ट्रक्टर'चा रस्ता त्याने बंद होत नाही.

स्कीमावादी:
दोघंही घरात पाणी शिरल्यावरची भांडणं करताय. दारातच अडवा! फास्टिफाय हे नोडचं वेब फ्रेमवर्क '__प्रोटो__' असलेली जेसन बॉडी मुळातच एरर देऊन परत पाठवतं. एक्सप्रेस या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये ते फुकट मिळत नाही, तिथे स्कीमा (कोणत्या की चालतील याचा आराखडा) लावा. स्कीमात नसलेली की आत घ्यायचीच कशाला?

कोडकट्टा:
किबाना या डेटाचे आलेख दाखवणाऱ्या टूलचं 2019 चं प्रकरण आठवा. त्यातल्या टाइमलायन या भागात पेलोड (हल्ल्याचा मजकूर) जेसनच्या की-मध्ये नव्हताच. युजरने लिहिलेल्या एक्स्प्रेशनच्या स्ट्रिंगमध्ये 'लेबल.__प्रोटो__.एन्व्ह' असा पाथ होता. त्यातून नोड_ऑप्शन्स हे नोड सुरू होताना वाचतो ते सेटिंग घुसवलं, आणि पुढे सुरू झालेल्या चाइल्ड प्रोसेसने हल्लेखोराचा कोड चालवला. स्कीमाला दिसली असती नुसती एक स्ट्रिंग. अर्धविराम म्हणतात तो फ्रीझचा त्रास खरा आहे, पण निदान तो माझ्या टेस्टमध्ये दिसेल.

स्कीमावादी:
म्हणजे एक्स्प्रेशनचा पार्सरही दारच झाला की. तिथे पहारा नव्हता, यात स्कीमाचा काय दोष?

नल_आणि_शून्य:
ज्या की-ची नावं युजर ठरवतो, त्या ऑब्जेक्टमध्ये ठेवताच कशाला? मॅप (की-व्हॅल्यू ठेवायचा वेगळा प्रकार) वापरा. तिथे '__प्रोटो__' ही इतरांसारखीच एक की. प्रोटोटाइप नसलेला ऑब्जेक्ट देणारं ऑब्जेक्ट.क्रिएट(नल)ही चालतं, फक्त की आहे का ते तपासणारं हॅजओनप्रॉपर्टी त्यावर नसतं, ऑब्जेक्ट.हॅजओन वापरावं लागतं. आणि आतले नेस्टेड ऑब्जेक्टही तसेच बनवायचे, नाहीतर दुसऱ्या पायरीवर 'कन्स्ट्रक्टर' पुन्हा हजर.

अर्धविराम:
नव्या कोडला मान्य. आमच्याकडे पाच-सहा वर्षं जुना मर्ज चाळीस ठिकाणांहून कॉल होतो, तिथे मॅप आणायला कोण बसणार? @कोडकट्टा, फ्रीझ आधी फक्त टेस्ट रनमध्ये लावून पाहतो. काय काय फुटतं त्याची यादी इथेच टाकतो, मग भांडू.