इसुझू व्ही-क्रॉस पिकअप पुढून बसलीय, दोन इंच स्पेसर टाकू का पूर्ण लिफ्ट किट? लवकर सांगा

माळावरचा:
मंडळी थोडक्यात सांगतो. गाडी पुढून खाली आणि मागून वर दिसतीय, बघायला अजिबात बरं वाटत नाही आणि आमच्या शेताच्या वाटंला पुढचा खालचा पत्रा घासतोय. लेव्हलिंग स्पेसर, म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवायचा जाड तुकडा, टाकावा म्हणतोय, दोन इंच. उद्यमनगरात एकजण लेथवर ॲल्युमिनियमचा करून देतो म्हणालाय. दुसरा गॅरेजवाला म्हणतो स्पेसर नको, चारी चाकांना किट घाल, आणि किटचा भाव घरात सांगायची सोय नाही. रविवारी काम करायचंय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच बोला. स्पेसर चालेल का, हो का नाही एवढंच.

घाटवेडा:
फोर बाय फोर आहे का टू व्हील? साल कुठलं? टायर कंपनीचेच का बदललेत? हौद्यात रोज काय असतं? एवढं सांगितल्याशिवाय हो पण नाही आणि नाही पण नाही.

डिझेलभक्त:
अ‍ॅव्हरेज किती देते भावा? मी पण घ्यायचा विचार करतोय.

पाटेवाले काका:
पुढचा टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा पिळाचा दांडा) दोन-तीन आटे आवळ, गाडी उचलतीय आपोआप. फुकटात काम. टाटा झेनॉनला आम्ही कैक वेळा केलंय, किट-बिट काय लागत नाही.

घाटवेडा:
काका, झेनॉनला टॉर्शन बार होता, मान्य. व्ही-क्रॉसला पुढं डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहे, आवळायला बारच नाही. मागं पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, तिथं तुमचा हात कुणी धरणार नाही.

पाटेवाले काका:
बरं. मग मागचे पाटेच थोडे उतरव, लेव्हल झाली! पुढं हात लावायची गरजच काय.

माळावरचा:
मागून कमी करायची नाही, पुढून वाढवायचीय. फोर बाय फोर आहे, टायर कंपनीचे २५५/६० आर १८. हौद्यात शेतीचं सामान, दुसरं काय असणार. आता सांगा.

लेथवाला_उद्यमनगर:
ॲल्युमिनियमचा स्पेसर टर्निंग करून, होल मारून, स्टड बसवून दिला की आयुष्यभर बघायला नको. नायलॉनचा घेऊ नका, दाबला जातो. लोक उगाच परदेशी किटच्या नादाला लागतात, कोल्हापुरात इंजिनं बनतात, एक तुकडा बनणार नाही होय.

घाटवेडा:
तुकडा चांगला बनेल, प्रश्न जाडीचा आहे. माळावरच्या, तू दोन इंच म्हणतोस ते गाडी दोन इंच उचलायची म्हणून का स्पेसर दोन इंच जाड म्हणून? स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकचा जोड, खालच्या आर्मच्या मध्यात कुठंतरी टेकलेला असतो, चाकापाशी नाही. त्यामुळं स्ट्रटच्या डोक्यावर एक इंच ठेवला की चाकाला साधारण दोन इंच मिळतात. दोन इंची तुकडा बसवलास तर गाडी चार इंचाच्या आसपास जाईल. मग खड्ड्यात चाक खाली लोंबलं की वरचा बॉल जॉइंट आणि चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट त्यांच्या शेवटच्या कोनावर जातात, रबर बूट फाटतो, ग्रीस बाहेर येतं, आत माती जाते. लेथवाल्याला कागदावर जाडी लिहून दे, तोंडी नको.

लेथवाला_उद्यमनगर:
आम्ही विचारूनच करतो साहेब. गिऱ्हाईक काय सांगतं त्यावर असतंय.

नियमवाला:
सगळे उंची मोजताय, कायदा कुणी मोजत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा: आरसीवर कंपनीनं दिलेली जी माहिती असते ती बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं, नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागं मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चार इंच उचललेली गाडी लांबूनच ओळखू येते. निदान विमा कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो.

मिसळपाव_नको_मिसळ:
नियमवाले साहेबांनी प्रत्येक धाग्यात हेच लिहायचं ठरवलंय वाटतं. गेल्या वेळी टिंट काचेवर पण हेच होतं.

नियमवाला:
कारण कायदा प्रत्येक धाग्यात तोच असतो.

घाटवेडा:
मूळ मुद्द्यावर येऊ. नवी व्ही-क्रॉस पुढून थोडी खाली असतेच, पिकअपला तसंच बनवतात, म्हणजे हौदा भरला की गाडी सपाट होते. पण तू "घासतंय" म्हणतोस. पुढं काही लावलंयस का?

माळावरचा:
लोखंडी बंपर आहे, विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) आहे. ते सगळेच लावतात, त्यात सांगायचं काय.

घाटवेडा:
हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं रे भावा. स्टीलचा बंपर ५०-६० किलो तरी, विंच दोरासकट ३५-४० किलो, म्हणजे शंभरच्या घरात. आणि ते पुढच्या ॲक्सलच्याही पुढं लटकतंय, त्यामुळं पुढच्या स्प्रिंगांवर शंभरापेक्षा जास्त पडतं आणि जेवढं जास्त पडतं तेवढंच मागच्यांवरचं हलकं होतं. म्हणून तुझी गाडी पुढून खाली आणि मागून वर. स्पेसरनं उंची मिळेल, ताकद नाही. स्प्रिंग तोच राहणार, तेवढाच दबणार, ब्रेक मारला की नाक तसंच बुडणार. तुला पुढं जास्त वजनाचे स्प्रिंग पाहिजेत. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, कुठलाही बघ, हे लोक बंपर नसलेल्या आणि बंपर-विंच असलेल्या गाडीला वेगवेगळे स्प्रिंग देतात. माझ्याकडं इमू आहे, करूळ घाटात गाडी सोन्यासारखी चालते.

सातारकर_पुण्यात:
इमू म्हणजे सगळ्यावरचं औषध झालंय इथं. माझा अनुभव उलटा, पुढचे जड स्प्रिंग घालून रिकामी गाडी चालवली की हाडं खिळखिळी. मी नंतर मध्यम घेतले. आधी वजन करा, मग स्प्रिंग निवडा. सगळे उंचीवरून निवडतात म्हणून फसतात.

नियमवाला:
बंपर म्हणालात म्हणून सांगतो, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून बुलबारवर (पुढच्या अशा लोखंडी बंपरवर) कारवाई करायला सांगितलेली आहे.

पाटेवाले काका:
साहेब तुम्ही चहा घ्या जरा.
माळावरच्या, सातारकर बरोबर बोलतोय. मार्केट यार्डाच्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घे, पावती घे, मग पूर्ण गाडी, मग वजाबाकी. रिकामी एकदा, रोजचा माल भरून एकदा. आणि टेप घेऊन चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडंपर्यंत उंची मोज, चारी बाजूंनी. जमिनीपासून मोजू नको, टायरात हवा कमी-जास्त असली की आकडा फिरतोय. आमच्याकडं गाडी आली की पहिलं हेच, मग हातोडा.

डिझेलभक्त:
घाटात अ‍ॅव्हरेज किती पडतो?

मिसळपाव_नको_मिसळ:
करूळ घाटाचा विषय निघालाय तर विचारतो, गगनबावड्याच्या रस्त्याला सकाळी सकाळी नाश्त्याला चांगलं कुठं मिळतं? रविवारी दोन गाड्या घेऊन चाललोय.

घाटवेडा:
वेगळा धागा काढ. (कळ्यात थांब.)

माळावरचा:
काट्यावर जाऊन आलो, तुमच्यासाठी. रिकामी: पुढं १२६० किलो, मागं ८००. भरून: पुढं १२१०, मागं १३६०. उंची रिकामी असताना पुढं डावीकडं ४८०, उजवीकडं ४७५ मिमी, मागं ५४५. भरल्यावर मागं ४६०. आता तरी सांगा, स्पेसर किती जाड.

सातारकर_पुण्यात:
५०० किलोच्या वर काय भरलंयस? शेतीचं सामान म्हणालास.

माळावरचा:
पाण्याची टाकी, ५०० लिटर. रोपवाटिकेला पाणी रोज न्यावं लागतं, विहीर खाली आणि रोपं माळावर. मार्च ते मे रोजच.

पाटेवाले काका:
आता कळलं. भरल्यावर तुझी गाडी मागून ८५ मिमी खाली जाती. आधीच मागं टेकती, त्यात पुढून दोन इंच उचलली की नाक आभाळात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. रात्री गारगोटी रस्त्याला लोक शिव्या घालतील. आणि रिकामी आणि भरलेली बघ, भरल्यावर पुढचं वजन वाढलं नाही, ५० किलोनं घटलं. म्हणजे टाकी तू फाळक्याला चिकटवून ठेवलीयस.

माळावरचा:
हो, मागंच ठेवतो, नळ मागनं काढता येतो ना.

पाटेवाले काका:
वजन मागच्या चाकांच्या मागं पडतंय, म्हणून मागच्या ॲक्सलवर टाकीपेक्षा जास्त भार येतोय आणि पुढं स्टेअरिंग हलकं होतंय. चढावर ओल्या मातीत पुढची चाकं धरत नसतील बघ. टाकी केबिनच्या पाठीला सरकव, पट्ट्यानं चारी बाजूंनी बांध, नळाला पाइप जोड आणि फाळक्यापर्यंत आण. पाइपाला काय लागतंय, दोनशे रुपये. अर्धी भरून घाटात जाऊ नको, पाणी हेलकावतंय. हे केल्याशिवाय एक पाटा वाढवू नको, उगाच रिकामी गाडी उड्या मारंल.

सातारकर_पुण्यात:
काकांना शंभर टक्के. शिवाय आरसी काढून बघ, ग्रॉस वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. बंपर, विंच, तू, शेजारचा गडी हे सगळं त्याच उरलेल्या वजनात बसवायचंय. पाटा वाढवला म्हणून आरसीवरचा आकडा वाढत नाही.

एअरबॅग_फॅन:
मागं पाट्यांवर एअर हेल्पर बॅग टाका, टाकी भरली की हवा भरा, रिकामी झाली की सोडा. सगळे प्रश्न संपले.

पाटेवाले काका:
पाट्याचा भार चेसीला दोन टोकांना जातोय, बॅगेचा एकाच जागी मधोमध. बेतानं वापरली तर ठीक, पण बॅगेच्या जोरावर जास्त भरलं की चेसी वाकतीय. मी वाकलेली बघितलीय.

एअरबॅग_फॅन:
कुठली कंपनी होती ते सांगा, नाहीतर लोक घाबरतात उगाच.

पाटेवाले काका:
कंपनीचा काय दोष, भरणाऱ्याचा.

माळावरचा:
टाकी पुढं सरकवली. भरल्यावर मागं आता ४८५ आहे, पुढची ४७८. गाडी चालवायला वेगळीच वाटतीय हे खरं. पण रिकामी असताना पुढून तरी घासतीयच. मग पुढं काय घालू? एका ओळीत.

घाटवेडा:
एका ओळीत: बंपर-विंच धरून निवडलेले स्प्रिंग, त्यांना जुळणारे शॉकॲब्जॉर्बर, उचल दीड इंचाच्या आत, मागं काही नाही.
दुसरी ओळ वाचलीस तर बरं: बसवल्यावर अलाइनमेंट करून घे आणि कॅस्टरचा (स्टेअरिंगचा आस मागं किती झुकलाय त्याचा) आकडा छापून माग, नुसतं टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) नको. पुढून उचलली की कॅस्टर कमी होतो, मग हायवेला स्टेअरिंग सरळ धरून ठेवत नाही, सतत सावरावं लागतं. ब्रेकचा होज पूर्ण लोंबकळल्यावर ताणतो का बघ. हेडलाइट भिंतीसमोर परत लावून घे. आणि स्प्रिंग काँप्रेसर नसलेल्या गॅरेजात जाऊ नको, दबलेला स्प्रिंग सुटला तर माणूस जातो.

सातारकर_पुण्यात:
आणि लिफ्टनं मागच्या डिफरन्शियलची (ॲक्सलच्या मधल्या गोळ्याची) जमिनीपासूनची उंची वाढत नाही हे कुणीच सांगितलं नाही. ती फक्त टायरनं वाढते. २६५/६० आर १८ घातलास तरी सहाच मिलीमीटर. त्यासाठी टायर बदलू नको, झिजल्यावर बघ.

लेथवाला_उद्यमनगर:
म्हणजे स्पेसर नकोच का? मी मटेरियल काढून ठेवलंय.

माळावरचा:
थांबव सध्या. स्प्रिंगचा भाव काढतोय, रविवार काय होत नाही. त्या गॅरेजवाल्यानं मागच्या पाट्यांसकट पूर्ण किट सांगितलं होतं, त्यातलं अर्धं बिल टाकी सरकवून वाचलं. ॲव्हरेज विचारणाऱ्यानं कृपा करून नवा धागा काढा.

डिझेलभक्त:
काढला. एक शेवटचं, जुने पुढचे स्प्रिंग विकणार का? माझ्या मित्राच्या गाडीला बंपर नाही, त्याला चालतील.