फायरवॉल बंद केली की प्रिंट येते, चालू केली की ठप्प. हे काउन होऊन राहिलं?

नमस्कार मंडळी, इतवारीत आमचं किराण्याचं होलसेल दुकान आहे. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला प्रिंटर यूएसबीनं लावून शेअर केलाय, अन् माडीवर हिशोबाचा पोरगा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बिलं काढतो. दोन्हीवर विंडोज ११. मागच्या आठवड्यात अवकाळीत वीज कडाडली अन् राऊटर गेला, नवीन बसवला, नेट लगेच सुरू झालं पण वरून प्रिंट दिली की प्रिंटर ऑफलाइन. केबल बदलली, प्रिंटर काढून पुन्हा टाकला, शेवटी वैतागून गल्ल्यावरच्या मशीनची फायरवॉलच (बाहेरून येणारं अडवणारा विंडोजचा पहारेकरी) बंद केली तर अडकलेली सतरा बिलं धडाधड बाहेर! चालू केली की पुन्हा तेच. कॉम्प्युटरवाला म्हणे राहू द्या ना बंद, काही होत नाही. अरे बाप्पा, त्याच मशीनवर नेट बँकिंग अन् जीएसटी आहे ना!

मग व्हिडिओ पाहून इनबाउंड रूल केला, म्हणजे बाहेरून काय आत येऊ द्यायचं त्याचा नियम: टीसीपी, पोर्ट ४४५ (शेअरिंगचं दार), अलाउ. पुढं डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक विचारलं, पब्लिक म्हणजे साऱ्या जगाला उघडं असं वाटून फक्त प्रायव्हेटवर टिक ठेवली. काडीचा फरक नाही. फायरवॉलच्या पानावर पब्लिक नेटवर्कपुढं 'ॲक्टिव्ह' दिसते, त्याचा काही संबंध?

प्रतिसाद १: भाऊ, तिथंच तर घोळ आहे. राऊटर बदलला म्हणून विंडोजला हे नवीनच नेटवर्क वाटलं, अन् अनोळखी नेटवर्क ते पब्लिक धरते, म्हणजे तुम्ही जणू स्टेशनच्या वायफायवर बसलात. तुमचा रूल प्रायव्हेटचा, तो लागूच होत नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, तिथं प्रायव्हेट करा. शेअरिंग सेटिंगमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ऑन आहे का तेही बघा. ४४५चा रूल उडवून टाका, विंडोजचा तयार रूल लोकल सबनेटपुरताच, म्हणजे आपल्याच नेटवर्कमधल्या मशीनपुरताच असतो, तो पुरे.

प्रतिसाद २: तरी नाही झालं तर इनबाउंड यादीत लाल खुणेचा रूल शोधा. मागं कधी पॉपअप आल्यावर घाईत कॅन्सल दाबलं असेल तर ब्लॉकचा रूल बनते, अन् ब्लॉकपुढं अलाउचं काही चालत नाही.

धागाकर्ता: झालं राजेहो! फक्त गल्ल्यावरचंच प्रायव्हेट केलं, फायरवॉल चालू, प्रिंट आली. लाल खुणेचे दोन रूल सापडले खरे, पण दोन्ही पोराच्या गेमचे. ते तसेच राहू दिले.