मदत हवी आहे: रंकाळ्यावर मावळतीसमोर पोर्ट्रेट, एनडी फिल्टर की फ्लॅशचा एचएसएस मोड?

रंकाळा चौपाटीवर मावळतीआधी अर्धा तास, सूर्य मॉडेलच्या पाठीमागे ठेवून पोर्ट्रेट काढायचेत. लेन्स ८५ एमएम, आणि एफ/२.८ च हवं. मागचं पाणी धूसर झालं पाहिजे. आयएसओ १००, शटर १/२००, एफ/८ ला आकाश बरोबर येतं, २ मीटरवरून फुल पॉवर फ्लॅश चेहराही उजळतो. एफ/२.८ ला शटर १/१६०० वर जातं, मग एचएसएसमध्ये (हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारा मोड) फ्लॅशचा जोर कमी पडतो, चेहरा काळवंडतो. एनडी८ (उजेड आठपट कमी करणारा गडद फिल्टर) लावून १/२०० ठेवलं की उजेड जुळतो, पण ऑटोफोकस डोळा सोडून केसांच्या सोनेरी कडेवर बसतो.

हूड आहे. यूव्ही फिल्टर काढल्यावर फोटोतले सूर्यामुळे येणारे हिरवे ठिपके गेले. रिफ्लेक्टर नको, डोळे बारीक होतात. फ्लॅश एकच, मदतनीस नाही. छत्री लावली की वारं स्टँडच आडवा करतंय.

एनडी ठेवून डोळ्यावर फोकस कसा धरता? की फ्लॅश १ मीटरवर आणून एचएसएसच वापरू?