डीबग माहितीचा पर्याय स्क्रिप्टने बंद करूनही पुन्हा चालू कसा होतो?

प्रश्न

लिनक्स कर्नल दर वेळी हाताने कॉन्फिगर करावे लागू नये, म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली आहे. ती चालू कर्नलची कॉन्फिग फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये आणते, 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग' या साधनाने 'डीबग_इन्फो' (बिल्डमध्ये डीबग माहिती घालणारा पर्याय) बंद करते, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' (नव्या पर्यायांना डीफॉल्ट किंमत देणारी आज्ञा) चालवते आणि शेवटी 'मेक बिनडेब-पीकेजी'ने पॅकेज तयार करते. ५.१५ पर्यंत हे सुरळीत चालत होते. डिस्ट्रिब्युशनचे कर्नल ६.१ झाल्यापासून मात्र कोणतीही एरर न येता तो पर्याय पुन्हा चालू झालेला दिसतो आणि बिल्डचे फोल्डर प्रचंड फुगते. कुठे चुकत असावे?

उत्तर १

तुमची स्क्रिप्ट जुन्या रचनेला धरून लिहिलेली आहे. ५.१८ पासून 'डीबग_इन्फो' थेट चालू किंवा बंद करता येत नाही. 'डीबग_इन्फो_नन' (डीबग माहिती नको) आणि ड्वार्फ या डीबग माहितीच्या स्वरूपाचे निरनिराळे प्रकार यांपैकी एक निवडावा लागतो, आणि ड्वार्फचा कोणताही प्रकार निवडलेला असला की तो 'सिलेक्ट'द्वारे 'डीबग_इन्फो' आपोआप चालू करतो. 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग' केवळ फाइलमधली ओळ बदलते, पर्यायांचे परस्परावलंबन ते पाहत नाही. ते काम केकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय सांभाळणारी यंत्रणा, 'ओल्डडेफकॉन्फिग'च्या वेळी करते आणि न जुळणारी ओळ निमूटपणे बदलून टाकते. म्हणून 'डीबग_इन्फो_नन' चालू करा आणि तुमच्या फाइलमध्ये ड्वार्फचा जो प्रकार निवडलेला असेल तो बंद करा.

उत्तर २

वरील उपाय बरोबर आहे, पण उद्या दुसरा एखादा पर्याय असाच बदलला तर तुम्हाला कळणार कसे? आपले मोजके बदल एका छोट्या फाइलमध्ये ठेवून ती सोर्समधल्याच 'मर्ज_कॉन्फिग.एसएच'ने मूळ फाइलमध्ये मिसळावी, कारण मागितलेली किंमत अंतिम फाइलमध्ये उतरली नाही तर हे साधन तसा इशारा छापते. लांबलचक आउटपुटमध्ये तो सहज नजरेआड होतो, तेव्हा आउटपुट लॉगमध्ये साठवून तपासावे. एखादा पर्याय बंद असल्याचे सांगणारी 'इज नॉट सेट' ही ओळ हॅशने सुरू होते. ती कॉमेंट समजून पुसू नका, केकॉन्फिग ती वाचते. (ही चूक मी स्वतः केली आहे.)

उत्तर ३

एक सावधगिरी: डीबग माहिती बंद झाली की 'डीबग_इन्फो_बीटीएफ'ही (बीटीएफ म्हणजे कर्नलमधल्या डेटा प्रकारांची संक्षिप्त माहिती) जाते, आणि ईबीपीएफवर (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) चालणारी कित्येक साधने त्या बीटीएफवर विसंबून असतात.

प्रश्नकर्ता

'डीबग_इन्फो_नन'ने काम झाले, आभारी आहे. बीटीएफचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानातच आला नव्हता; एका संगणकावर मी ईबीपीएफची साधने रोज वापरतो, त्यामुळे तिथे ड्वार्फ आणि बीटीएफ दोन्ही ठेवणारी आणि इतरत्र दोन्ही वगळणारी अशा दोन वेगळ्या छोट्या फाइली केल्या आहेत.