मदत हवी आहे: परड्यातला अनंत पिवळा पडतोय (सोबत परड्याची आतापर्यंतची हकीकत)

मंडळी, प्रश्न अनंताचा आहे, पण परड्याची कथा सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून जरा लांबण लावते. घाईत असाल तर थेट शेवटाकडे जा.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. मागं अठ्ठावीस बाय चौदा फुटांचं परडं. (पुण्याकडचे परसबाग म्हणतील, आमच्याकडं परडंच.) २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर गाळ काढता काढता सगळे इतके कावले की सासऱ्यांनी जाहीर केलं, "आता या घरात चिखल म्हणून दिसायला नको." दिवाळीच्या आत अख्खं परडं पेव्हिंग ब्लॉकनं मढवून टाकलं. राहिला तो फक्त सासूबाईंचा अनंत, दीड फुटाच्या गोल आळ्यात. तो राहिला कारण त्या स्वतः तिथं उभ्या राहून गवंड्याला म्हणाल्या, "याच्या पुढं एक इंच यायचं न्हाई."

गेल्या दिवाळीनंतर मी ब्लॉक काढायला घेतले. उन्हाळ्यात स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडली की तव्यावरून यावी तशी झळ यायची. हे कारण सासऱ्यांना पटलं. भाजीपाल्याचं सांगितलं असतं तर पटलं नसतं, म्हणून ते सांगितलंच नाही.

दोन गडी, तीन दिवस. ब्लॉकखाली कच, आणि कचीखाली खरा खजिना: पुरानंतर खरवडून काढलेला घराचा गिलावा, विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, सिमेंटचं दगड झालेलं पोतं आणि आमचाच एक चहाचा चमचा. राडारोडा बाहेर टाकायचे वेगळे पैसे घेऊन गवंड्यानं तो आमच्याच परड्यात पसरला होता. एक ट्रॉली भरून बाहेर काढला, तरी अजून कुदळ मारली की कुठंतरी खणकन वाजतं.

मग दिरांनी शेतातली काळी माती आणून टाकली, त्यात जुनं शेणखत. नळापासून मागच्या भिंतीपर्यंत दोन फुटांची पायवाट ठेवली, तीही काढलेल्या ब्लॉकचीच. मेथी दोनदा निघाली. वांगी नणंदेनं दिलेल्या रोपांची, कृष्णाकाठची. भरली वांगी करून शेजारी वाटली, त्यामुळं आता शेजारीही विचारतात की ब्लॉक काढायला किती खर्च आला. मोरीच्या पाण्यावर अळू माजलंय. गवती चहा तर आता कापून कापून वैताग आलाय. मिरचीला चुरडामुरडा आला, उपटून टाकली. टोमॅटोबद्दल विचारू नका.

आता अनंत. झाड पंधराएक वर्षांचं, माझ्यापेक्षा हातभर उंच. परडं मोकळं केल्यावर तो खुलेल असं वाटलं होतं, तर उलटंच. शेंड्याची नवी पानं पिवळीधमक येतात, शिरा मात्र हिरव्या, जणू हिरव्या शाईनं नकाशा काढलाय. खालची जुनी पानं बरी आहेत. कळ्या धरतात, हरभऱ्याएवढ्या होतात आणि गळतात. शेणखत दिलं, चिमूटभर युरिया दिला, आत्याबाईंच्या सांगण्यावरून ताक ओतलं, मोबाइलवर बघून एप्सम सॉल्ट घातलं. फरक शून्य. पाणी बोअरचं आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो.

सासूबाई काही बोलत नाहीत. रोज सकाळी गळलेल्या कळ्या वेचून कट्ट्यावर ओळीनं मांडतात. काल अकरा होत्या.

दुसरा प्रश्न: मागच्या कोपऱ्यात जमीन खोलगट आहे, पाणी दोन-दोन दिवस जिरत नाही. तिथं मे महिन्यात हळद लावायचं मनात आहे. लावू का?

खुरपं: ताई, अनंत काढून टाका. रोपवाटिकेत नवं रोप शंभर-दीडशेला मिळतं. पंधरा वर्षांच्या झाडामागं कशाला लागता?

परड्यातली: हे सासूबाईंना सांगायला तुम्ही या. चहा देईन.

निवृत्त कृषिसहायक: ताई, वर्णन उत्तम केलंत, निम्मं निदान त्यातच आहे. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात गेलं की तिथंच राहतं, त्यामुळं कमतरता शेंड्यावर दिसते. पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह. म्हणून तुमचा युरिया आणि एप्सम सॉल्ट दोन्ही वाया गेलं.

जमिनीत लोह नाही असं मात्र नाही. काळ्या मातीत ते भरपूर असतं, पण चुन्यामुळं मुळांना घेता येत नाही. अनंताला आंबट माती लागते, सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या आसपास. आपल्याकडची काळी जमीन आठच्या घरात. त्यात तुमच्या मुळांशी गिलावा, म्हणजे सिमेंट आणि चुना, आणि वरून बोअरचं क्षाराचं पाणी. झाड इतकी वर्षं तगलं हेच विशेष. ताकाबद्दल म्हणाल तर एवढ्या चुन्यापुढं ते दर्यामें खसखस.

खात्री करायची असेल तर बुंध्यापासून हातभर अंतरावरची, वीतभर खोल माती काढा, वाळवा, चमचाभर बशीत घेऊन वर व्हिनेगर टाका. काय होतं ते इथं लिहा.

परड्यातली: काका, केलं. नुसती फसफसली नाही, आवाज आला! मुलानं इनोसारखी म्हणून तीनदा करायला लावलं. मेथीच्या वाफ्यातली माती घेतली तर तीही थोडी बुडबुडली, पण अनंताजवळची जास्त.

निवृत्त कृषिसहायक: फसफसली म्हणजे मातीत चुना आहे, मग शंका उरली नाही. आता क्रमानं करा.

आधी फवारणी, कारण ती लवकर दिसते. कृषी सेवा केंद्रात हिराकस मिळतं, म्हणजेच फेरस सल्फेट. एक लिटर पाण्यात आधी अर्धं लिंबू पिळा, मग पाच ग्रॅम हिराकस. उलट क्रमानं केलंत आणि पाणी बोअरचं असलं तर लोहाचा साका होऊन तळाला बसतो. पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. द्रावण तांबूस झालं की ओतून द्या, ताजंच वापरायचं. ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी, दर दहा दिवसांनी, चार वेळा. आधीच पिवळी पडलेली पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, नव्यांकडं लक्ष ठेवा.

जमिनीतून द्यायचं असेल तर नुसतं हिराकस टाकू नका, चुना ते लगेच बांधून टाकतो. घमेलंभर ओल्या शेणखतात मूठभर मिसळून आठ-दहा दिवस मुरवा आणि मग आळ्यात घाला. दुकानदार चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं) देईल, त्यावर ईडीटीए लिहिलेलं असलं तर ते फवारणीला ठीक, पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. तिथं ईडीडीएचए लागतं. महाग आहे, एका झाडाला परवडेल.

आणि मूळ दुखणं, तो गिलावा. पाऊस सुरू झाला की बुंध्यापासून दोन फुटांवर अर्धगोल चर खणा, राडारोडा काढा, त्यात शेणखत, पालापाचोळा आणि तांबडी माती भरा. उरलेला अर्धा गोल पुढच्या वर्षी. दोन्हीकडची मुळं एकदम तोडलीत तर झाड बसेल.

कातळावरची: आमच्या रत्नागिरीत अनंत कुंपणाला, कुणी ढुंकून बघत नाही, तरी पांढरा होतो फुलांनी. जांभ्याची माती आंबट, आणि वर तो पाऊस. तुम्हाला कोकण नेता येणार नाही, पण पाऊस साठवता येईल. दोनशे चौरस फूट पत्र्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर साधारण १८५ लिटर पाणी होतं. पन्हळीखाली निळा ड्रम ठेवा, पहिल्या सरीचं पाणी जाऊ द्या आणि मग भरा. अनंताला तेच घाला. ड्रमला जाळी लावा, नाहीतर डासांची शेती होईल.

हळदीचा वाफा: हळदीचं मी सांगतो, कारण आम्ही लावतो. खोलगट कोपऱ्यात अजिबात नको. हळदीला पाणी लागतं पण साचलेलं चालत नाही, कंदकूज लागली की सगळा वाफा जातो. तुमच्या परड्यात जिथं दोन-तीन तास सावली असते तिथं फूटभर उंच गादीवाफा करा आणि अक्षय तृतीयेच्या आसपास लावा. त्या कोपऱ्यात अळू हलवा, नाहीतर कर्दळ. दोघांना पाय ओले आवडतात.

खुरपं: बरं, मी माझा सल्ला मागं घेतो. चहाचं काय?

परड्यातली (जूनअखेर): उशिरा लिहितेय, माफ करा. फवारण्या चारही झाल्या. दुसरीनंतर शेंड्याला जी पानं आली ती हिरवी. गडद नाहीत, पण हिरवी. काका म्हणाले तशी जुनी पिवळी पानं निम्मीशिम्मीच सुधारली. एक गोष्ट मात्र काकांनी सांगितली नव्हती: दोरीवर कपडे असताना हिराकस फवारू नये. सासऱ्यांच्या तीन पांढऱ्या बंड्यांवर गंजाचे ठिपके आहेत आणि पायवाटेच्या ब्लॉकवरही. बंड्या त्यांनी त्याच दिवशी परड्यात काम करायला म्हणून बाजूला काढल्या.

आणि खरंच काम केलं. मागच्या आठवड्यात अर्धगोल चर त्यांनीच खणला. नऊ घमेली गिलावा निघाला. प्रत्येक घमेल्याला गवंड्याचा उद्धार. दुसरीकडचा अर्धा आत्ताच खणू म्हणत होते, सासूबाईंनी फावडं काढून घेतलं.

कळ्या अजून गळतात, पण काल कट्ट्यावर तीनच होत्या. फुलं आतापर्यंत दोन. हळद गादीवाफ्यावर उगवलीय, अळू कोपऱ्यात खूश आहे. ड्रम वळवाच्या दोन पावसांतच भरला होता.

आता पुढचं विचारते. नवं परडं, नवं दुखणं नको म्हणून अनंताची एक गुटी बांधून ठेवावी (फांदीला झाडावरच मुळं फोडून घ्यावी) म्हणते, म्हणजे काही झालंच तर रोप हाताशी असेल. पेन्सिलीएवढी फांदी चालेल की जाड हवी? आणि शेवाळ इथं मिळत नाही, नारळाच्या काथ्याचा भुसा चालेल का?

शिवाय तीनेकशे पेव्हिंग ब्लॉक भिंतीला लावून पडलेत. सांगलीत कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा. फक्त खाली काय पसरलंय ते आधी बघून मग बसवा.