मदत हवी आहे: भागीदार हिशेब दाखवत नाही, ओडीतून (बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून) पैसे उचलतोय (बेळगाव)

उद्यमबागी
लवकर सांगा कुणीतरी, डोकं चालेना झालंय. उद्यमबागेत आमचं दोघांचं टर्निंगचं शॉप आहे. चार महिने झाले, पार्टनर हिशेब दाखवत नाही. काल बँकेत गेलो तर ओडीतून ६ लाख ४० हजार उचललेले. विचारलं तर म्हणतो, "आता वकिलाकडूनच बोल." त्याला बाहेर कसं काढायचं? किती दिवस लागतात?

निपाणीकर७२
प्रायव्हेट लिमिटेड की भागीदारी? लेखी करार आहे का? नोंदणी? हिस्सा किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार ओ?

टिळकवाडीची
वकील नंतर. आधी आजच बँकेला पत्र द्या: भागीदारांत वाद आहे, यापुढे दोघांच्या सहीशिवाय पैसे देऊ नका. शिक्क्याची पोच घ्या. आमच्या घरच्या धंद्यात या पत्राला तीन आठवडे उशीर झाला आणि खातं रिकामं झालं.

खानापूररोड
सरळ पोलिसांत फिर्याद द्या. विश्वासघाताचं कलम ऐकलं की हिशेब आपोआप बाहेर येतो.

निपाणीकर७२
नका देऊ. बहुतेक वेळा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात, आणि तोवर बोलणीही तुटलेली असतात.

खानापूररोड
माझ्या भावाचं काम झालंय अशानंच. तुमचा अनुभव तुमच्यापाशी.

उद्यमबागी
भागीदारी आहे. निम्मं-निम्मं. २०१४ ला १०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलंय, नोंदणी केली नाही. करार मराठीत आहे. पार्टनर म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ.

कोल्हापूरव्यापारी
नोंदणी नाही म्हणजे संपलंच. फर्म मोडायचा, म्हणजे विसर्जनाचा दावासुद्धा चालत नाही, आमच्या ओळखीच्या एकाचा असाच अडकला होता. मिळेल ते घेऊन मोकळे व्हा.

कोर्टगल्ली
यामुळे माणूस हक्क सोडून बसेल, म्हणून सविस्तर लिहितो. विसर्जनाचा दावाही चालत नाही हे तुम्ही म्हणता ते १९८४ च्या दुरुस्तीतलं, ती फक्त महाराष्ट्राची होती आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. बेळगावला ती कधी लागूच नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ असं: नोंदणी नसेल तर करारातला हक्क मागायला भागीदारावर दावा चालत नाही, पण फर्म विसर्जित करा आणि हिशेब द्या, हा दावा चालतो. आता नोंदणी करू म्हणाल तर फॉर्मवर मेहुण्याची सही लागेल.
आणि "बाहेर काढणं" डोक्यातून काढा. दोघांच्या फर्ममधला एक गेला की फर्मच उरत नाही. वह्या बघायचा हक्क मात्र कलम १२ नं तुम्हाला आजही आहे, तो लेखी मागा.
वाद ३ लाखांच्या वरचा आहे, तेव्हा तातडीची मनाई मागणार नसाल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीला जावंच लागेल.

शहापूरकर
मराठी कराराचं कन्नड भाषांतर आधीच करून ठेवा. आमच्या मागाच्या वादात एका शब्दाच्या भाषांतरावरून दोन तारखा गेल्या. आपल्या भागातल्या जुन्या माणसांचे सगळे कागद मराठीत, ही अडचण वरच्यांना कधी कळणार?

खानापूररोड
अगदी बरोबर. माझ्या आजोबांच्या वाटणीपत्राचं तेच झालं.

निपाणीकर७२
तो विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा. इथं माणूस अडकलाय.

हिशेबनीस
पुढच्या वेळी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा. जबाबदारी मर्यादित राहते.

उद्यमबागी
पुढची वेळ नको मला, आत्ताचं बोला! करार परत वाचला. वाद झाल्यास दोघांनी नेमलेल्या पंचांचा निकाल मान्य, असं एक कलम आहे. मुदत कुठंच लिहिलेली नाही. आणि परवा रागात मी त्याला व्हॉट्सॲपवर "आजपासून आपली भागीदारी संपली" असं लिहून टाकलंय. ओडीला तारण म्हणून बाबांच्या नावावरची शेड आहे.

कोर्टगल्ली
दादा, हे सगळ्यात आधी सांगायचं होतं. मुदत नसलेली भागीदारी लेखी नोटिशीनं संपते, कलम ४३. तुमचा मेसेज नोटीस ठरतो की नाही यावर तो भांडेल, म्हणून पुसू नका. संपली असं धरलं तर हिशेबाच्या दाव्याला तिथून ३ वर्षं मिळतात. पण जाहीर नोटीस देईपर्यंत तो फर्मच्या नावानं जे करेल त्याला बाहेरच्यांसमोर तुम्हीही बांधील आहात.
पंचांचं कलम आहे, त्यामुळे तुम्ही दावा लावलात तर तो प्रकरण लवादाकडे, म्हणजे पंचांकडे पाठवा म्हणू शकतो. तोवर पैसे थांबवायला १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ९ खाली कोर्टात जाता येतं. बँकेला मात्र तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही. थकलं की ती शेडकडे बघणार.

टिळकवाडीची
बँकेला पत्र दिलं का?

उद्यमबागी
आत्ताच देऊन आलो, शिक्का मिळाला. सकाळी आणखी ८० हजार गेलेत. बायको काल रात्रीपासून बोलत नाही. बाबांना शेडचं अजून सांगितलेलं नाही. उद्या ११ ला वकिलांकडे जातोय, काय काय नेऊ?

कोर्टगल्ली
मूळ करार, तीन वर्षांचे बँक उतारे, रिटर्न, ओडीचे कागद, त्या मेसेजसकट मोबाइल. आणि बाबांना बरोबर न्या.